सोनं गहाण ठेवताना पावतीवर काय लिहून घ्यावं

गोल्ड लोन म्हटलं की जो तो "व्याज कुठे कमी आहे ते बघ" म्हणतो. या लोकांनी बोरमाळ कधी गहाण ठेवलेली नसते. व्याजाचा दर पाटीवर लिहिलेला असतो, तो कुणालाही वाचता येतो. खरं नुकसान होतं काट्यावर.

माझं इंदूरला डब्यांचं काम आहे. जूनमध्ये मुलांच्या फिया एकदम अंगावर येतात, त्यामुळे ही फेरी दहा-बारा वेळा तरी झाली असेल.

आधार, पॅन बरोबर घ्या. सोन्याची बिस्किटं नेऊ नका, त्यावर कर्ज मिळत नाही. नाणी चालतात, पण एकूण 50 ग्रॅमपर्यंतच.

आदल्या दिवशी ओळखीच्या सराफाकडे प्रत्येक दागिना वेगळा तोलून चिठ्ठी करून घ्या. इंदूरच्या सराफा बाजारात दुपारीच जा. रात्री तिथे खाऊगल्ली भरते, सोनं नाही, भुट्ट्याचा कीस मिळतो.

आता काटा. पाटल्या आणि बिलवर हे सरळ दागिने, त्यात फसण्यासारखं काही नाही. अडचण बोरमाळ, साज, ठुशी, तन्मणी यांची. बोरमाळेचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली असते. ठुशीला दोरा आणि गोंडा, तन्मण्याला खडे. कर्ज फक्त सोन्यावर मिळतं, म्हणून हे सगळं वजा होतं. ते योग्यच आहे. पण किती वजा करायचं हे तपासणारा अंदाजाने ठरवतो आणि अंदाज नेहमी स्वतःच्या बाजूला झुकवतो. माझी बोरमाळ एकूण 31.400 ग्रॅम. आमच्या सराफाच्या मते लाख-दोरा साडेपाच ग्रॅम. गोल्ड लोन कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाने हातात घेऊन झुलवली आणि आठ म्हणाला. मी मान डोलावली, कारण मागे रांग होती.

तो तोटा सोसला असता. पुढची चूक मोठी. पावतीवर एवढंच लिहिलेलं होतं: "हार 1 नग, 23.400". एकूण वजन नाही, वजावट नाही, मणी किती ते नाही. दहा महिन्यांनी सोडवायला गेले तर दोन मणी चेपलेले आणि एकाला चीर, आतली लाख दिसत होती. "आधीचंच असेल ताई," असं उत्तर मिळालं. नाही म्हणायला माझ्याकडे कागद कुठे होता? ती कंपनी तेव्हाच सोडली, पण मणी मलाच बदलून घ्यावे लागले.

रिझर्व्ह बँकेचे जून 2025 चे नियम 1 एप्रिल 2026 पासून सगळ्यांनाच पाळावे लागतात. त्याप्रमाणे सोन्याची तपासणी तुमच्या समोर व्हायला हवी. तपासणीच्या दाखल्यावर कॅरेट, एकूण वजन, निव्वळ वजन, खडे-लाख-दोरा यांची वजावट, आधीची मोडतोड आणि दागिन्याचा फोटो, एवढं सगळं हवं. "सिस्टीममध्ये आहे" हे उत्तर घेऊ नका. दाखला हातात आल्याशिवाय मी सही करत नाही. मण्यांची संख्याही लिहायला लावते. नियमात ती नाही, पण लिहायला कुणाची ना नसते. वजावट पटली नाही तर चिठ्ठी दाखवा. तरी अडून बसला तर दागिना उचला आणि शेजारच्या शाखेत जा. एकाच बाजारात चार दुकानं असतात.

रक्कम किती मिळेल ते सोपं आहे. घरखर्चासारख्या गरजेसाठी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80, त्यावर 75, ही कमाल मर्यादा. मुद्दल-व्याज शेवटी एकदम फेडणार असाल तर ते व्याजही याच मर्यादेत धरतात, आणि मुदत बारा महिन्यांहून जास्त मिळत नाही.

सगळे दागिने एकाच कर्जात बांधू नका. दोन खाती करा, म्हणजे दिवाळीला मंगळसूत्र तेवढं सोडवता येतं.

फॉर्ममधलं एक वाक्य मात्र शोधाच: हे तारण "इतर देण्यांसाठीही" राहील, अशा अर्थाचं. 1872 च्या कराराच्या कायद्यात कलम 174 प्रमाणे, तसा करार नसेल तर एका कर्जाचं तारण दुसऱ्या देण्यासाठी अडवता येत नाही. पण त्याच सावकाराकडून नंतर आणखी रक्कम उचलली तर तसा करार आहे असंच धरलं जातं. बँकांना तर इतर थकबाकीसाठीही तुमचा माल अडवून ठेवायचा कलम 171 चा वेगळा हक्क आहे. म्हणून ज्या बँकेत दुसरं कर्ज थकलंय, तिथे सोनं नेऊच नका.

हप्ता चुकला तरी माल लगेच त्यांचा होत नाही. विकण्याआधी नोटीस द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत तुम्ही सोडवू शकता, खर्च वाढतो एवढंच. लिलावात किमान बोली चालू किमतीच्या 90 टक्के. दोन लिलाव फसले तर 85. देणं वळतं करून उरलेले पैसे सात कामाच्या दिवसांत परत मिळायला हवेत.

पूर्ण पैसे भरले की सोनं त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागा, लेखी. पिशवी काउंटरवरच उघडा, फोटो आणि दाखला शेजारी ठेवून तोला. मी तर मणीही तिथेच मोजते, मागे रांग असली तरी.