युरोपातल्या आरोग्य व्यवस्थांची तुलना करताय? या चुका टाळा

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका सादरीकरणासाठी मी युरोपातल्या देशांचा एक स्तंभालेख केला होता: दर हजार लोकांमागे डॉक्टर किती. ग्रीसचा खांब सगळ्यात उंच, पोर्तुगालही वरच्या रांगेत. आर्थिक संकटाने पिचलेल्या ग्रीसमध्ये डॉक्टरांची मात्र रेलचेल आहे, असं मी ठासून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "तळटीप वाचलीत का?"

वाचली नव्हती. ओईसीडी, म्हणजे प्रामुख्याने श्रीमंत देशांची आर्थिक संघटना, तिच्या त्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं असतं, की या दोन देशांचा आकडा प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्यांचा नाही, परवाना असलेल्या सगळ्यांचा आहे. परवाना आहे पण रुग्ण तपासत नाहीत, असे डॉक्टरही त्यात आले. तेव्हापासून मी कुठलाही तक्ता खालून वर वाचतो.

क्रमवारी दिसली की तिलाच निकाल समजणं

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली १९१ देशांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला, इटली दुसरा, ब्रिटन अठरावा, अमेरिका सदतिसावी. भारत ११२ वा होता आणि मराठी लेखांत हा आकडा अजून अधूनमधून डोकावतो, जणू कालच जाहीर झाला. त्या यादीवर टीकाही तितकीच झाली. अनेक देशांची माहिती उपलब्धच नव्हती, ती अंदाजाने भरलेली होती. आयुर्मान, खर्चाची न्याय्य विभागणी, लोकांच्या अपेक्षांना मिळणारा प्रतिसाद अशा वेगवेगळ्या गोष्टी एकाच गुणात कोंबलेल्या होत्या. संघटनेने पुन्हा तशी यादी केली नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा क्रमांक आजच्या निबंधात वापरू नका, एवढंच.

युरोपातल्या देशांनी २००८ मध्ये एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे आरोग्य व्यवस्थांविषयीची सनद स्वीकारली, तिचा रोख वेगळा होता: आपापल्या व्यवस्थेची कामगिरी मोजा आणि तिची जबाबदारी घ्या. बेल्जियम २०१० पासून ठरावीक काळाने स्वतःचा अहवाल काढतं. त्यात इतर देशांशी तुलना असते, पण मुख्य प्रश्न असतो तो मागच्या वेळेपेक्षा आपण कुठे आहोत हा. नवशिक्याने असाच एखादा देश निवडून त्याचा दहा वर्षांचा प्रवास पाहावा. युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांचा रंगीत नकाशा दिसायला छान असतो, त्यातून कळतं मात्र फार कमी.

नाव एक, मोजणी दोन

हार्ट ॲटॅकने दाखल झालेल्यांपैकी ३० दिवसांत किती दगावले, हा लोकप्रिय निर्देशक. तो दोन प्रकारे काढतात. एकात ज्या रुग्णालयात दाखल केलं तिथेच झालेले मृत्यू धरतात. दुसऱ्यात रुग्ण नंतर दुसऱ्या रुग्णालयात गेला किंवा घरी परतला आणि तिथे दगावला तरी तो मृत्यू मोजला जातो. दुसऱ्या पद्धतीसाठी प्रत्येक नागरिकाचा एकच ओळख क्रमांक सगळ्या नोंदींना जोडलेला लागतो. नॉर्डिक देशांत (स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क वगैरे) तो आहे, सगळीकडे नाही. एका देशाचा पहिल्या पद्धतीचा आकडा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या पद्धतीचा शेजारी ठेवलात, तर प्रामाणिक मोजणाराच नापास होतो.

कोविडच्या पहिल्या लाटेत बेल्जियमचं असंच झालं. वृद्धाश्रमांत चाचणी न होता केवळ संशयित म्हणून नोंदलेले मृत्यूही त्यांनी धरले. जगाने त्यांना सर्वाधिक मृत्युदराच्या देशांत बसवलं.

एकात्मिक सेवा रुग्णालयाच्या आकड्यांत शोधणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. एकात्मिक सेवा म्हणजे दवाखाना, रुग्णालय आणि घरची काळजी रुग्णासाठी एकमेकांशी जोडलेली असणं. आपल्याला मिळणारे बहुतेक आकडे एखाद्या संस्थेच्या आतले असतात: किती खाटा, किती दिवस मुक्काम, किती दाखल. एकात्मिक सेवा घडते किंवा फसते ती दोन संस्थांच्या मधल्या फटीत, आणि तिथे मोजणाराच कोणी बसलेला नसतो.

नॉर्वे घ्या. तिथे रुग्णालयं सरकारच्या अखत्यारीत, तर वृद्धांची काळजी आणि घरपोच नर्सिंग नगरपालिकांकडे. २०१२ च्या जानेवारीत समन्वय सुधारणा लागू झाली. रुग्ण घरी सोडण्याजोगा झाला असं रुग्णालयाने कळवलं आणि नगरपालिकेची तयारी नसेल, तर तिला दिवसाला ४,००० क्रोनर भरावे लागू लागले. असे अडकून पडलेले खाटांचे दिवस झपाट्याने घटले. रुग्णालयाचा तक्ता पाहणारा म्हणेल, वा!

आता समजा, ऐंशी पार केलेल्या एक आजी आहेत. हार्ट फेल्युअर, मधुमेह, वर नुकतंच हाड मोडलेलं. शुक्रवारी दुपारी त्यांना डिस्चार्ज मिळाला. औषधांची नवी यादी रुग्णालयाच्या संगणकात, घरच्या डब्यात जुन्याच गोळ्या. नगरपालिकेच्या नर्सच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त आजारी पेशंट आला. सोमवारी आजी पुन्हा रुग्णालयात. मुक्काम कमी झाला हे खरंच आहे. सेवा जोडली गेली का, हे मात्र त्या आकड्यात नाही. त्यासाठी महिन्याभरात पुन्हा दाखल झालेले किती, नगरपालिकेच्या खाटांवर किती भार वाढला, घरी गेल्यावर औषधांची यादी किती जणांची जुळली, हे बघावं लागतं. आणि आजींना विचारावं लागतं.

दमा, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), मधुमेहासाठी रुग्णालयात भरती होणं हाही नेहमी वापरला जाणारा निर्देशक. दवाखान्यात नीट काळजी घेतली तर यातली बरीच भरती टळते, हा त्यामागचा तर्क. तर्क बरोबर, पण खाटा किती आहेत यावरही भरती ठरते. जर्मनीत दर हजार लोकांमागे आठच्या आसपास खाटा आहेत, स्वीडनमध्ये दोनच्या आसपास. खाट रिकामी असली की ती भरते. त्यामुळे जर्मनीतली जास्त भरती म्हणजे तिथले फॅमिली डॉक्टर कमी पडतात, असा थेट निष्कर्ष काढू नका.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये आरोग्य व्यवस्थांच्या मूल्यमापनासाठी तज्ज्ञ गट नेमला. २०१७ चा त्यांचा अहवाल एकात्मिक सेवा मोजायची साधनं कोणती, याच विषयावर आहे. स्वतः निर्देशक ठरवायला बसण्याआधी तो चाळलात तर महिनाभराचं काम वाचेल.

दारावरची पाटी बदलली की काम झालं, असं धरणं

इंग्लंडमध्ये जुलै २०२२ पासून ४२ एकात्मिक सेवा व्यवस्था कायद्याने अस्तित्वात आल्या. स्कॉटलंडने २०१६ मध्येच आरोग्य आणि सामाजिक सेवा ३१ स्थानिक प्राधिकरणांखाली आणल्या. ही रचना झाली. परिणाम वेगळा मोजावा लागतो.

इंग्लंडने २००९ ते २०११ दरम्यान १६ ठिकाणी एकात्मिक सेवेचे प्रयोग केले होते. त्यांचं मूल्यमापन अजूनही वाचण्यासारखं आहे. कर्मचाऱ्यांना वाटत होतं, काम सुधारलं. रुग्णांना तसं वाटलं नाही. हव्या त्या डॉक्टरांची भेट मिळणं उलट कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. नियोजित भरती आणि बाह्यरुग्ण भेटी घटल्या, पण जी घटावी म्हणून सगळा खटाटोप होता, ती तातडीची भरती घटली नाही. फक्त कर्मचाऱ्यांना प्रश्नावली दिली असती, तर अहवाल गुलाबी झाला असता.

गेल्या वर्षीचे सर्वांत आजारी रुग्ण निवडून यश जाहीर करणं

गेल्या वर्षी चार वेळा भरती झालेले रुग्ण निवडले, त्यांना खास नर्स दिली, यंदा भरती दोनवर आली. टाळ्या! पण नर्स दिली नसती तरी त्यातल्या बऱ्याच जणांचा आकडा खाली आलाच असता. वाईट वर्षानंतर सहसा त्याहून बरं वर्ष येतं. तुलनेसाठी तसाच, पण नर्स न मिळालेला गट हवा.

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये किन्झिग खोऱ्यात २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेने यावर एक छान तोड काढली. हिशेब योजनेत नाव नोंदवलेल्यांपुरता ठेवला नाही. दोन विमा संस्थांचे त्या खोऱ्यातले सगळेच विमेदार, तीस हजारांवर माणसं, धरली आणि अपेक्षित खर्चापेक्षा प्रत्यक्ष खर्च किती कमी झाला हे पाहिलं. त्यामुळे निरोगी माणसं वेचून आकडा चांगला दाखवायची सोयच राहिली नाही.

आकडा विचित्र दिसला तर

आलेखात एखाद्या वर्षी अचानक उडी दिसली तर धोरणात कारण शोधायला धावू नका. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या तक्त्यात त्या आकड्याशेजारी इंग्रजी 'बी' अक्षर आहे का पाहा. ते असेल तर त्या वर्षी मोजण्याची पद्धत बदलली आहे, आधीचे आणि नंतरचे आकडे एका रेषेने जोडू नका. 'पी' असेल तर आकडा तात्पुरता, 'ई' असेल तर अंदाजे.

'गरज असूनही डॉक्टरकडे जाता आलं नाही' असं सांगणाऱ्यांची टक्केवारी दोन देशांत सारखी दिसली, तर कारणानुसार फोडा. ग्रीसमध्ये लोक पैशामुळे अडतात, एस्टोनियात प्रतीक्षायादीमुळे. मग उत्पन्नानुसार लोकांचे पाच सारखे गट करून सर्वांत गरीब आणि सर्वांत श्रीमंत गटांचे आकडे शेजारी मांडा. सरासरीत न दिसलेली दरी बहुतेक वेळा तिथे सापडते.