अडेनियमचा बुंधा मऊ पडलाय? पाणी घालायच्या आधी हे वाचा, या चुका टाळा

अडेनियम म्हणजे ते फुगीर बुंध्याचं, गुलाबी फुलांचं कुंडीतलं झाड. त्याचा बुंधा मऊ लागला की लोक पहिलं काय करतात, तर मगभर पाणी घालतात, आणि बरीचशी अडेनियम तिथेच जातात. मऊ बुंध्याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही एकदम उलटी. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी ठणठणीत, बुंधा जरा सुरकुतलाय, दाबला की थोडासा दबतोय, तर झाडाला तहान लागलीय, पाणी द्या, थोड्या दिवसांत परत टणक होतो. पण जुलैमध्ये माती ओली असताना मऊ पडला, पानं पिवळी होऊन गळतायत, बोट आत रुततंय, वास येतोय, तर मुळं सडलीयेत. म्हणून बोट आधी मातीत घाला, मग बुंध्याला लावा.

हे झाड मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, सेनेगलपासून पार सोमालिया-केनियापर्यंत, आणि पलीकडे येमेन-ओमानमध्ये. खडकाळ उतारावर उगवतं, पाऊस पडला की बुंध्यात पाणी साठवतं आणि दुष्काळात सरळ पानंच टाकून देतं, म्हणजे पाणी उडायला नको. आणि आपण त्याला आणतो ठाण्यात, जिथे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो न आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही. नुसत्या पावसाने ते मरत नाही हो, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतं.

त्यामुळे नर्सरीतून आणलं तसंच चिकट लाल मातीत ठेवणं ही मोठी चूक. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, बाकी दोन भाग विटेचे तुकडे, पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे), जाड रेती जे मिळेल ते. रेती बांधकामावरून उचलली असेल तर आधी दोन-चार पाण्यांनी धुवा, खाडीची असली तर खारट असते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त घालू नका, आपल्या दमट हवेत ते वाळतच नाही. कुंडी मातीची, भोकं मोठी, आणि बुंध्यापेक्षा थोडीच रुंद. त्या शोभेच्या बिनभोकाच्या चिनी मातीच्या कुंड्या दिवाणखान्यात ठेवा, रिकाम्या. खाली बशी तर जून ते सप्टेंबर अजिबात नको.

ग्रिलमधली कुंडी पत्र्याच्या धारेखाली येत नाही ना तेही बघा, वरच्या मजल्याचं पाणी नेमकं तिथेच पडतं.

सडलंच तर घाबरू नका पण उद्यावर ढकलू पण नका. झाड उपटा, मुळं धुवा, तपकिरी मऊ भाग स्वच्छ सुरीने आतला पांढरा टणक भाग लागेपर्यंत कापत जा, थोडं जरी ठेवलंत तरी परत पसरतं. बुरशीनाशक पावडर लावा, सावलीत हवेशीर जागी आठवडाभर तरी सुकू द्या, मग कोरड्या मिश्रणात लावा आणि लगेच पाणी घालू नका. कापताना हातमोजे घालाच, कण्हेरीच्या कुळातलं झाड आहे, चीक विषारी, आफ्रिकेत बाणांना लावायचे. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावरच ठेवा.

फुलं येत नाहीत ही तक्रार नेहमीची, आणि कारण बहुतेक वेळा एकच, ऊन कमी. घणसोली-खारघरच्या टॉवरांमध्ये समोरच्या बिल्डिंगची सावली दुपारनंतर पडतेच, निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल ती खिडकी शोधा. युरियासारखं नत्रवालं खत घालत राहिलात तर नुसती पानं येतील. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, भर पावसात नको, कापलेल्या जागेतून बुरशी शिरते.

डिसेंबर-जानेवारीत पानं गळली तर घाईने फेकू नका, बुंधा टणक असला तर झाड झोपलंय, पाणी कमी करा, बस. आणि एका रात्रीत सगळी पानं फस्त झाली असतील तर कुंडीखाली काळ्या लेंड्या शोधा, कण्हेरीवरची जाडजूड हिरवी अळी यावरही येते, डोक्यामागे निळे डोळ्यासारखे ठिपके असतात. हाताने उचलून टाका, फवारणीची काही गरज नाही, नवी पानं येतात.