घरी कॉफी भाजताय? मग डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा

आमच्या लातूरकडं घरोघरी चहाच, पण मी गेली काही वर्षं कॉफी घरीच भाजतो, लोखंडी कढईत. ‘बिया काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजा’, ‘भाजताना तूप-साखर टाका’ असले सल्ले ऐकून ऐकून वैताग आलाय. काळीकुट्ट बी म्हणजे कोळसा, त्यात चिकमंगळूरची कॉफी काय न् कूर्गची काय, सगळं एकाच चवीचं लागतं.

कच्च्या हिरव्या बिया ऑनलाइन मिळतात, सुरुवातीला अरेबिका ही कॉफीची जातच घ्या. एका वेळी १५० ग्रॅमच्या वर घेऊ नका. नॉनस्टिक कढई अजिबात नको.

कढई मध्यम आचेवर तापवा, बिया टाका आणि उलथणं थांबवू नका, फोन वाजला तरी नाही. चार-पाच मिनिटांत बिया पिवळ्या पडतात, वाळल्या कडब्यासारखा वास येतो, मग तपकिरी व्हायला लागतात आणि पातळ टरफलं सुटून उडतात.

आता खरं काम. आठव्या-दहाव्या मिनिटाला तडतड ऐकू येईल, ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, तसा मोकळा, सुटा सुटा आवाज. बीच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन दाबानं बी फुटते, बीचं तापमान तेव्हा २०० अंशांच्या आसपास असतं. याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. आच लगेच थोडी कमी करायची, कारण इथून पुढं सगळं फार भराभर होतं. मी सुरुवातीला इथंच मार खायचो. रंग अजून फिका वाटायला लागला की म्हणायचो अजून एक मिनिट राहू दे, आणि गॅस बंद करून बिया कढईतच ठेवायचो. लोखंड तापलेलं, बिया आतून तापलेल्या, बंद गॅसवरही त्या भाजतच राहतात! पाच मिनिटांनी बघावं तर तेल सुटून चकाकायलेल्या, कडू जहर. कितीतरी वेळा असा माल फेकून दिलाय मी, म्हणून कळकळीनं सांगतो, जो रंग हवाय तो यायच्या आधीच उतरवा. तडतड सुरू झाल्यापासून दीड-दोन मिनिटं, बास. यानंतर दुसरी तडतड होते, बारीक आणि भराभर, फोडणीतल्या मोहरीसारखी. ती ऐकू आली म्हणजे उशीर व्हायला लागला.

उलट घाईही नको. सुरुवातीलाच आच मोठी ठेवली तर बी बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, कॉफीला गवताचा वास मारतो.

उतरवल्या उतरवल्या बिया स्टीलच्या चाळणीत ओता आणि दुसऱ्या चाळणीत, परत पहिलीत, असं टेबल फॅनसमोर करत राहा. तीन-चार मिनिटांत हाताला गार लागल्या पाहिजेत. टरफलंही यातच उडून जातात, म्हणून हे अंगणात नाहीतर गच्चीवर करा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी हवाच ४२ अंशांची, बिया लवकर गार होत नाहीत, तेव्हा भाजणं सकाळी लवकर उरकायचं. पाणी शिंपडून गार करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, घरी अंदाज चुकतो आणि बिया ओल्या राहतात.

गार झाल्यावर वजन करा. १५० ग्रॅमचे १२५ ते १३० भरले तर भाजणं बरोबर जमलं.

लगेच दळू नका. आतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, डब्याचं झाकण सैल ठेवून एक दिवस जाऊ द्या. मग लागेल तेवढंच दळा, मिक्सर थांबवून थांबवून फिरवा, सलग फिरवला की पूड तापते.

पितळी किंवा स्टीलच्या दोन कप्प्यांच्या कॉफी फिल्टरमध्ये, वरच्या कप्प्यात २० ग्रॅम पूड, हलकी दाबून, वर १२० मिली पाणी, उकळी बसल्यावर अर्ध्या मिनिटानं ओतलेलं. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडं ते फार जड असतं, कॉफी सपक लागते, जारचं घ्या. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरतं, त्यात गरम म्हशीचं दूध घाला, आणि साखर घालायच्या आधी एक घोट तसाच घेऊन बघा.