डकार रॅली बघताना फक्त पहिला नंबर बघू नका

जानेवारीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात डकार, म्हणजे रोज एक टप्पा आणि सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेवर निकाल ठरणारी शर्यत, सुरू झाली की बरेच जण दिवसाचा विजेता कोण एवढंच बघतात आणि मोबाइल ठेवून देतात. खरी गंमत त्यापुढेच असते. मोटरसायकल गटात आज जो जिंकतो, तो सहसा उद्या सर्वांत आधी सुटतो. पुढे एकाही चाकाची खूण नसते, हातात फक्त रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणा नि दिशा सांगणारी मार्गपुस्तिका. त्यामुळे वाट शोधण्यात त्याचा वेळ जातो आणि मागचे त्याच्या खुणा धरून भराभर जवळ येतात. वाट काढणाऱ्यांना बोनस वेळ मिळतो खरा, पण तो दरवेळी पुरतोच असं नाही. म्हणून रोज एकूण क्रमवारीसोबत उद्याचा सुटण्याचा क्रमही बघाच.

संध्याकाळचा निकाल अंतिम धरू नका. वेपॉइंट (वाटेतली ठरलेली जागा, जिथून जावंच लागतं) चुकला किंवा वेगमर्यादा मोडली तर दंडाची मिनिटं नंतर चढतात. जखमी स्पर्धकासाठी थांबलेल्याला त्याचा वेळ परत मिळतो, आणि मला हा या शर्यतीचा सर्वांत सुंदर नियम वाटतो. हे हिशेब क्षुल्लक नाहीत: 2023 मध्ये मोटरसायकल गटात केविन बेनाविदेसने टोबी प्राइसला अवघ्या 43 सेकंदांनी हरवलं होतं.

गटवार तक्तेही उघडा. 2024 मध्ये भारताचा मोटरसायकलस्वार हरिथ नोआ एकूण यादीत अकरावा होता, पण रॅली 2 गटात (अव्वल गटाच्या खालचा मोटरसायकल गट) पहिला!