समानार्थी शब्दांतून नेमका शब्द कसा निवडावा

शाळेत समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केलेल्या असल्यामुळे भीती, धास्ती, धाक आणि दहशत हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरता येतात, असा आपला समज झालेला असतो. तो दूर करण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक शब्दाबरोबर सहज येणारे क्रियापद आठवून पाहणे. भीती वाटते, धास्ती घेतली जाते, धाक दाखवला जातो आणि दहशत पसरवली जाते; म्हणजे पहिल्या दोन शब्दांत लक्ष घाबरणाऱ्याकडे असते, तर पुढच्या दोहोंत घाबरवणाऱ्याकडे. त्याच रीतीने शंका विचारता येते, संशय मात्र विचारता येत नाही; तो घेतला जातो आणि बहुधा एखाद्या माणसावरच घेतला जातो. आजाऱ्याची काळजी घेतात आणि निकालाची काळजी करतात. यांपैकी ‘चिंता’ हा शब्द फक्त दुसऱ्या ठिकाणी चालतो.

अर्थ जुळला, तरी शब्दात दडलेले मत तपासावे. पैसे जपून वापरणाऱ्या माणसाला काटकसरी म्हटले की कौतुक होते आणि चिक्कू म्हटले की निंदा होते. आग्रही, हट्टी आणि हेकेखोर ही तर एकाच वागणुकीला तिघांनी दिलेली तीन प्रमाणपत्रे आहेत. अहवाल किंवा बातमी लिहिताना यांतील एकही विशेषण न वापरता ‘त्यांनी हीच मागणी तीन वेळा लेखी केली’ असे लिहावे आणि मत वाचकाला बनवू द्यावे.

वाचक कोण आहे, या प्रश्नाची खरी कसोटी मृत्यूविषयी लिहिताना लागते. शोकसंदेशात ‘निधन’ शोभते, पण ‘अपघातात तिघांचे निधन झाले’ हे वाक्य खटकते. तिथे ‘मृत्यू झाला’ हेच योग्य. घरच्या माणसाबद्दल बोलताना ‘वारले’ हा शब्द आदर आणि जवळीक दोन्ही सांभाळतो. ‘दगावला’ हा शब्द आजारात उपचारांना यश न आलेल्या रुग्णाबाबत किंवा साथीत गेलेल्या जनावराबाबत येतो. वयोवृद्ध व्यक्तीच्या श्रद्धांजलीत तो लिहिणे असभ्यपणाचे ठरेल.

औपचारिक लिहायचे म्हणजे संस्कृत शब्द शोधायचे, ही समजूतही तितकीशी खरी नाही. अर्ज, तारीख, जमीन आणि जबाबदारी हे अरबी-फारसीतून आलेले शब्द कोणत्याही गंभीर मजकुरात निःसंकोच वापरावेत. उलट ‘जल’ हा शब्द जलाशय, जलसंधारण अशा समासांत अगदी नैसर्गिक वाटतो, पण सुटा वापरून कोणी ‘पेलाभर जल द्या’ म्हणाले, तर पौराणिक नाटकाचा पडदा वर गेल्यासारखे वाटते. औषधाच्या सूचनेत ‘सेवन करावे’ यापेक्षा ‘घ्यावे’ बरे, कारण तिथे कमी शिकलेल्या वाचकालाही क्षणात अर्थ कळणे आवश्यक असते. हिंदीवरून मजकूर तयार करताना अधिक सावध राहावे. तिकडची ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न.

कोश अवश्य पाहावा, मात्र त्याचे वय लक्षात ठेवून. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती 1857 साली आली. त्यात शब्द संस्कृत, फारसी की अरबी याची खूण मिळते, पण तो शब्द आजच्या वाचकाच्या कानाला कसा लागेल हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी वाक्य मोठ्याने वाचून पाहावे.

शेवटची सूचना निबंधलेखनाच्या सवयीविरुद्ध जाणारी आहे. ललित लेखात तोच शब्द पुन्हा आला तर कंटाळा येतो खरा, पण नियमावलीत किंवा करारात ज्याला पहिल्या परिच्छेदात ‘अर्जदार’ म्हटले, त्याला पुढे केवळ विविधतेसाठी ‘उमेदवार’ किंवा ‘लाभार्थी’ म्हणू नये. वाचक त्यांना तीन वेगळ्या व्यक्ती समजेल आणि त्यात त्याची काहीही चूक नसेल.