कयाकिंगमध्ये स्प्रिंट आणि मॅरेथॉन दोन्ही करायचंय? या चुका टाळा

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या पॅडलने वल्हवायची अरुंद बोट. स्प्रिंटमधली हजार मीटरची एकेरी शर्यत साडेतीन मिनिटांच्या आसपास संपते. वरिष्ठ पुरुषांची मॅरेथॉन सुमारे 30 किलोमीटरची असते आणि दोन तासांहून जास्त चालते. तरीही दोन्हीकडे अव्वल ठरणारे खेळाडू आहेत. पोर्तुगालचा फर्नांडो पिमेंता हजार मीटरचा विश्वविजेता ठरला आहे आणि मॅरेथॉनमधल्या छोट्या शर्यतीचाही. म्हणजे हे जमतं. पण नवी मुलं अडतात तेव्हा बहुतेक वेळा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो: बिघाड पायात असतो आणि उपचार हातावर चालतात.

बोट एकाच बाजूला ओढते

"माझा डावा हात कमजोर आहे," असं म्हणून मुलं जिममध्ये डंबेल वाढवतात. त्याआधी बोट काठावर घ्या. सीट मधोमध आहे का? फूटरेस्ट तिरका नाही ना? पायाने हलवायचा सुकाणूचा दांडा सरळ ठेवला की रडरही (बोटीखालचं सुकाणू) सरळ राहतो का? पॅडलवर दोन्ही हात मध्यापासून सारख्याच अंतरावर आहेत ना? हे सगळं ठीक असेल तर पाय बघा. ज्या बाजूला पातं पाण्यात जातं त्या बाजूच्या पायाने फूटरेस्ट ढकलायचा असतो. त्यातून कंबर आणि धड वळतं आणि जोर पात्यापर्यंत पोहोचतो. एक पाय नुसताच टेकलेला असेल तर त्या बाजूचा स्ट्रोक फक्त दंडाच्या बळावर चालतो. दोनशे मीटरमध्ये हे कदाचित खपून जाईल, पण 25 व्या किलोमीटरला तो दंड नक्की हात टेकतो.

मनगट आणि कोपराखालचा भाग दगडासारखा होत असेल तर पकड सैल करा. वरचा हात पुढे जाताना बोटं उघडता आली पाहिजेत. बोट पुढे-मागे डोलत असेल तर पातं बाहेर काढायला उशीर होतोय. कंबरेजवळ आलं की काढा. त्यामागे ओढलं तर शेपूट खाली दबतं.

एकच बोट दोन्हीकडे

स्प्रिंटमध्ये एकेरी कयाकचं किमान वजन 12 किलो, मॅरेथॉनमध्ये 8 किलो. हलकी बोट घेतली तर स्प्रिंटसाठी तिच्यात वजन पक्कं बसवावं लागतं. खरेदीआधी याचा विचार करा. आणि कृपा करून पहिल्याच वर्षी सगळ्यात अरुंद बोट घेऊ नका. तोल सांभाळण्यात जाणारी ताकद पुढे जायला उरत नाही.

लेनची सवय मॅरेथॉनमध्ये नेणं

स्प्रिंटमध्ये आपली 9 मीटरची लेन सोडायची नसते, शेजाऱ्याच्या लाटेचा फायदा घेणं नियमातच बसत नाही. मॅरेथॉनमध्ये तेच मुख्य कौशल्य. स्प्रिंटची मुलं सुरुवातीला सुसाट पुढे जातात आणि मागच्या सगळ्यांना फुकट ओढत नेतात. पुढच्याच्या बाजूच्या लाटेवर बसायला शिका आणि हा सराव गटातच करा. बोट उचलून काठावरून पळण्याचा टप्पाही आयत्या वेळी शिकता येत नाही. बराच वेळ बसून बधिर झालेल्या पायांनी पळायची सवय लागते. बोट अचानक जड वाटली तर खचू नका. रडरला गवत अडकलेलं असतं. आपल्याकडच्या जलपर्णीच्या पाण्यात तर हे हमखास. दोन स्ट्रोक उलटे मारले की बहुतेक वेळा सुटतं.

थकव्यावर आणखी सराव

ही सर्वांत घातक चूक. दोन प्रकार म्हणजे दोन पूर्ण वेळापत्रकं नव्हेत. ब्रिटनची अ‍ॅना हेमिंग्ज मॅरेथॉनची विश्वविजेती असताना 2003 मध्ये तिला दीर्घकालीन थकव्याच्या विकाराचं निदान झालं. 2005 मध्ये पर्थला तिने पुन्हा विश्वविजेतेपद मिळवलं आणि 2008 मध्ये ती बीजिंग ऑलिंपिकच्या स्प्रिंट शर्यतीत उतरली. असं पुनरागमन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. रोज सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून वहीत लिहा. नाडी काही दिवस वाढलेली, झोप उडालेली आणि वेळा घसरलेल्या दिसल्या तर सराव कमी करा आणि डॉक्टरांकडे जा. मुलींनी हिमोग्लोबिनची तपासणी टाळू नये. "जोर कमी पडतोय" म्हणून सरावात भर घालणाऱ्या कोचशी पालकांनी स्पष्ट बोलावं.

एकाच अंतरावर सगळा डाव

कयाकमधली दोनशे मीटरची शर्यत 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आली. 2016 मध्ये रिओत ब्रिटनच्या लियम हीथने तिचं सुवर्ण जिंकलं. 2024 च्या पॅरिसमध्ये कयाकसाठी ती उरलीच नव्हती. मॅरेथॉन तर ऑलिंपिकमध्ये नाहीच. त्यामुळे विशीच्या आत 500, 1000 आणि लांब पल्ला, तिन्ही चालू ठेवा. हिवाळ्यात लांब पल्ल्याचा पाया घाला, स्पर्धा जवळ आल्या की वेग वाढवा.