बदलापूरला राहून मित्र टिकवायचे तर ठाण्यात भेटा

बदलापूरला घर घेतलं की मुंबईतले मित्र "येऊ रे एकदा" म्हणतात आणि येत नाहीत. आपणही दादरपर्यंत जायचा कंटाळा करतो. माझ्या दोन जवळच्या मैत्री अशाच जवळजवळ सुटल्या होत्या. उपाय साधा निघाला: दोघांनी अर्धं अर्धं अंतर यायचं.

सीएसएमटी ते बदलापूर साधारण ६८ किलोमीटर, आणि ठाणे बरोबर मधे, ३४ वर. वाशी-नेरूळची मंडळीही ट्रान्स-हार्बरने थेट तिथेच उतरतात.

१. दर वेळी तारीख ठरवत बसू नका. महिन्याचा पहिला शनिवार, संध्याकाळी साडेपाच, असं एकदाच पक्कं करा. कोणी आलं नाही तरी बाकीच्यांनी भेटायचंच.
२. रविवार टाळा. मेगाब्लॉक बहुतेक रविवारीच असतो आणि अर्धा दिवस त्यातच जातो.
३. जागा स्टेशनपासून चालत जाण्याजोगी हवी. आम्ही पश्चिमेला तलावपाळीवर भेटतो. बसायला कट्टा आहे, खायला भरपूर आहे आणि हॉटेलात टेबल अडवल्याचा संकोच नाही.
४. पास नसेल तर निघतानाच परतीचं तिकीट काढा.

एक मात्र सांभाळा. ठाण्याहून सुटणारी प्रत्येक लोकल कल्याणच्या पुढे जात नाही, आणि रात्री बदलापूर-कर्जत गाड्यांमधलं अंतर वाढतं. शेवटच्या गाडीच्या भरवशावर गप्पा लांबवू नका, तिच्या आधीची गाडी आपली समजा.